हलगीचा ठोका आणि जुनी कॅसेट

नमस्कार श्रोतेहो.

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, नाहीतर शोकेसच्या तळाशी पडून राहिलेल्या व्हिडिओ कॅसेटींबद्दल आज बोलायचंय. लग्नाची कॅसेट, बारशाची, जत्रेची. त्या डिस्कवर घ्यायला हव्यात हे आता बहुतेकांना पटलंय. पण डिस्क करून आणली आणि घरात सगळे मिळून बघायला बसले, की एक तक्रार हमखास ऐकू येते. चित्र पुढं, आवाज मागं. अक्षता पडून जातात आणि भटजींचं 'सावधान' नंतर येतं. हे का होतं आणि कसं टाळायचं, एवढंच आज सांगणार आहे.

मागच्या उन्हाळ्यात कागल भागातले एक मामा माझ्याकडं आले. हातात पिशवी, पिशवीत एक कॅसेट आणि कुठल्याशा दुकानातून करून आणलेली तिची डिस्क. बसायच्या आधीच म्हणाले, "पावणं, ह्यात माझा बाप ताल चुकतोय. आन् माझा बाप जल्मात कधी ताल चुकला न्हाई."

डिस्क लावली. गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान, नव्वदच्या दशकातलं शूटिंग. सुरुवातीलाच मैदानाच्या कडेला पाचट पेटवून एक काटक माणूस हलगी शेकत बसलाय. कातडं जाळावर धरतो, बोटानं टिचकी मारतो, कानाशी नेतो, पुन्हा जाळावर धरतो. ते मामांचे वडील. आसपासच्या गावांतनं मैदानाला त्यांना बोलावणं यायचं. आता ते नाहीत. त्यांचं हलतं चित्र आणि त्यांच्या हलगीचा आवाज त्या एका कॅसेटीतच आहे.

पहिल्या कुस्त्या ठीक दिसल्या. टिपरू कातड्यावर पडतंय, ठोका ऐकू येतोय. मग कुठंतरी खटकायला लागलं. शेवटची मोठ्या जोडीची कुस्ती लागली, तेव्हा तर हात वर गेल्यावर ठोका ऐकू येत होता. पैलवान चितपट झाला, उठला, आणि मग गर्दीचा गलका आला. मामांचं कुस्तीकडं लक्षच नव्हतं. ते वडिलांच्या मनगटाकडं बघत होते. "बघा, हात हितं हाय आन् ठोका तितं. नातवंडं बघतील आन् म्हणतील, म्हाताऱ्याला वाजवायला येत नव्हतं."

श्रोतेहो, म्हणून मी या गोष्टीला एवढं महत्त्व देतो. चित्र थोडं धुरकट झालं तर चालतं. आवाज सरकला तर वाजवणारा बेताल ठरतो, गाणारा बेसूर वाटतो. आयुष्यभर जपलेली कला एका खराब कॉपीनं खोटी पडते.

मूळ कॅसेट व्हीसीआरवर लावली आणि आधी नुसती टीव्हीवर बघितली. तिथं ठोका हातावर होता. म्हणजे कॅसेट शाबूत होती, दोष डिस्क करताना झाला होता. मग डिस्क पुन्हा नीट बघितली. शूटिंगवाल्यानं जिथं जिथं कॅमेरा बंद केला होता, बॅटरी बदलली होती, तिथं पडद्यावर मुंग्या येत होत्या. आणि प्रत्येक मुंग्यांनंतर आवाज आणखी थोडा मागं जात होता.

कारण सांगतो. आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. मुंग्या आल्या, टेपला चुणी असली, की व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी जी छोटी डबी जोडलेली असते, तिला चित्राची सुरुवात सापडत नाही आणि ती ते चित्र गाळते. आवाज मात्र गाळला जात नाही, तो सलग येत राहतो. अशी २५ चित्रं गळाली की चित्र एक सेकंद पुढं, आवाज एक सेकंद मागं. पुन्हा सांगतो, चित्रं गळतात आणि आवाज गळत नाही. बहुतेक वेळा दुखणं हेच असतं.

मग आम्ही ती कॅसेट तुकड्यातुकड्यानं घेतली. मुंग्या आल्या की थांबायचं, पुढचं शूटिंग सुरू झालं की नवी फाइल. प्रत्येक तुकड्यात हलगीचा एक स्वच्छ ठोका शोधायचा. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते, त्यात ठोक्याचं टोक एकदम सुळकन वर जातं. ते सापडणं सोपं. पण टिपरू नेमकं कुठल्या चित्रात कातड्याला टेकलं? मी एकेक चित्र पुढं सरकवायचो आणि मामा पडद्याला नाक लावून बसलेले. "न्हाई… अजून न्हाई… ह्यो!" त्या चित्राखाली ते टोक आणून बसवायचं. पुढचा तुकडा. संध्याकाळपर्यंत मामांना एवढा सराव झाला, की आवाज बंद असताना नुसता हात बघून ते टेबलावर बोटानं अचूक ठोका देत होते. शेवटची कुस्ती लावली. मामा पार शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता बराबर. चार कॉप्या द्या, भावांना पायजेत."

हलगीच्या ठोक्यानं आम्ही जे केलं, ते कोल्हापूरला नवीन नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये, आणि पहिला मराठी बोलपट तिनं १९३२ साली कोल्हापुरात बनवला. चित्र आणि आवाज वेगवेगळे नोंदवले की शॉटच्या आधी क्लॅप देतात, तो याचसाठी. लाकूड आपटताना दिसतं आणि ऐकूही येतं. तुमच्या कॅसेटीतही असा क्लॅप असतोच. टाळी शोधा, नारळ फोडताना शोधा, भांडं पडताना शोधा.

इथं मनातलं एक बोलतो. मामांच्या कॅसेटीला मिक्सिंग केलेलं नव्हतं, म्हणून हलगी वाचली. त्या काळातल्या कित्येक लग्नांच्या कॅसेटींत बदामाच्या आकारात नवरा-नवरी दिसतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी वाजत राहतात. आजीची हाक, विहिणींची चेष्टा, उखाणा, सगळं पुसून गेलेलं. ते कुठलंही यंत्र परत आणू शकत नाही. आजही जे शूटिंग करून घेतात त्यांना माझी विनंती आहे, गाणी घातलेली प्रत घ्या, पण मूळ आवाजाची प्रतही मागून घ्या.

असो. घरी करणाऱ्यांनी काय बघायचं? व्हीसीआरची पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. तिन्ही एकाच डबीत जाऊ देत. चित्र डबीत आणि आवाज कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात, असं अजिबात करू नका, कारण दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालतात आणि तासाभरात फरक दिसायला लागतो. पुन्हा सांगतो, चित्र आणि आवाज एकाच डबीत. आवाजाचं सेटिंग सुरुवातीपासून ४८,००० हर्ट्झ ठेवा, डीव्हीडीला तेच लागतं. कॅसेट चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडू नका. डीव्ही नावाच्या फाइल पद्धतीनं घेतलं तर तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, ती आधी मोकळी करा. घरात जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर आणखी बरं, कारण तो चित्र आणि आवाज एकत्रच बांधतो.

दुकानातून करून घेत असाल, तर पैसे द्यायच्या आधी डिस्क तीन ठिकाणी बघा, सुरुवातीला, मधे आणि शेवटी. आवाज तिन्ही ठिकाणी सारखाच मागं असेल तर तो पाच मिनिटांत सरकवता येतो. शेवटाकडं फरक वाढत गेला असेल तर चित्रं गळाली आहेत किंवा घड्याळं जुळलेली नाहीत. अशा वेळी कॅसेट पुन्हा घ्यायला सांगा. आणि तीन तासांची कॅसेट ४.७ जीबीच्या एकाच डिस्कवर कोंबू देऊ नका, दोन डिस्क मागा.

कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप वाचणाऱ्या हेडला लागून पुढची चांगली कॅसेटही खराब होईल. साधा आवाज टेपच्या वरच्या कडेला असतो, त्यामुळं हात लावून कड दुमडू नका. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवे मिळत नाहीत. आहे त्यावरच भागवायचंय. आपल्याकडं जूनपासून भिंतींना ओल येते. तेव्हा ज्यांच्या कॅसेटी अजून माळ्यावर आहेत, त्यांनी वळीव सुरू व्हायच्या आत त्या खाली काढा, सावलीत वाऱ्याला ठेवा आणि सगळ्यात जुनी आधी घ्या. डिस्क झाली तरी मूळ कॅसेट टाकू नका, आणि तीच फाइल एका हार्ड डिस्कवरही ठेवा.

नमस्कार.