सांध्यांतून साकारणारे पेन

लेथवर फिरणाऱ्या या लाकडी ठोकळ्यावरून पातळ साल उडते आहे आणि तिच्याखालून एकमेकांत गुंतलेली चार फिकट कडी हळूहळू वर येत आहेत. पाहणाऱ्याला वाटते की ही नक्षी कातारी आत्ता पटाशीने कोरतो आहे. प्रत्यक्षात लेथ सुरू होण्याच्या कितीतरी आधी ती करवतीने आणि सरसाने ठोकळ्याच्या पोटात घालून ठेवलेली असते. तुकडे जोडून केलेल्या पेनाचे खरे कसब म्हणूनच लेथच्या अलीकडे, सांध्यात शोधावे लागते.

या कामाचा ठोकळा साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि १२५ मिलिमीटर लांब असतो. गडद अक्रोडात फिकट मेपलची पट्टी घालावी की आणखी काही, ही रंगांची निवड आनंदाची असली, तरी त्याआधी पाहायचा तो लाकडाचा सुकेपणा. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते; लांबीच्या दिशेने ही हालचाल जवळजवळ नगण्य असते, आडव्या दिशेने मात्र बरीच जास्त. जोडकामात शेजारशेजारच्या तुकड्यांतल्या तंतूंच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या असतात, त्यामुळे अर्धवट सुकलेले लाकूड वापरले तर पुढे कधीतरी सांधा बोटाला जाणवू लागतो. शिसवासारखे तेलकट लाकूड असेल, तर चिकटवण्याआधी ते अॅसिटोनने पुसून घेतात. नाहीतर सरस नुसता वरवर धरतो.

गुंतलेल्या कड्यांची ही नक्षी केल्टिक गाठ म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी ठोकळ्यावर ४५ अंशांत एक तिरपा काप घेतात, पण तो आरपार जाऊ देत नाहीत. तळाशी लाकडाचा एक पातळ पापुद्रा राखतात, म्हणजे दोन्ही भाग एका रेषेत राहतात. कापात पट्टी सरस लावून बसवायची, ठोकळा क्लॅम्पमध्ये आवळायचा, सरस पूर्ण वाळू द्यायचा, बाहेर आलेली पट्टी छाटायची आणि मग ठोकळा पाव फेरा वळवून अगदी त्याच ठिकाणी दुसरा काप घ्यायचा, असे चारही बाजूंनी चालते. तिरपा काप गोल दांड्याला छेदतो तेव्हा त्याची कड लंबवर्तुळाची होते, आणि अशी चार लंबवर्तुळे एकाच मध्याभोवती पाव-पाव फेऱ्याने वळलेली असली की गाठ उमटते. राखलेला पापुद्रा बाहेरच्या कडेला असल्याने कातताना निघून जातो, तर चारही पट्ट्या जिथे एकमेकींना भिडतात तो आतला गुंता पुढे ड्रिलच्या भोकात नाहीसा होतो. ही रचना ज्याने प्रथम जुळवली असेल, त्याच्या विचाराचे कौतुक वाटते.

सगळी भिस्त असते एका मोजमापावर: करवतीचे पाते जेवढे लाकूड खाते, पट्टी नेमकी तेवढीच जाड हवी. ती पातळ असेल तर आवळताना ठोकळ्याचे दोन भाग जवळ सरकतात, जाड असेल तर लांब जातात, आणि दोन्ही वेळा आधी बसवलेली कडी कापाशी येऊन तुटक दिसू लागतात. पाव मिलिमीटरची तफावतही तयार पेनावर डोळ्यांना खुपते. म्हणून पट्टी चिरेत बोटाच्या हलक्या दाबाने सरकली पाहिजे, आपल्या वजनाने मात्र खाली पडता कामा नये. चारही काप एकाच जागी पडावेत यासाठी करवतीच्या सरकत्या चौकटीवर लाकडी अटकाव पक्का केलेला असतो. तिथेच ठोकळा आवळून धरल्याने बोटेही पात्यापासून दूर राहतात.

त्यानंतर ठोकळ्याच्या बरोबर मधून ७ मिलिमीटरचे भोक पाडतात. भोक जरा कलले, तर गाठीची एक बाजू मोठी आणि दुसरी लहान होते. घाई केली तर घर्षणाने तापलेला सरस मऊ पडतो आणि सांधे उकलतात. त्यासाठी ड्रिल थोडे आत नेऊन पुन्हा बाहेर काढायचे, भुसा झटकायचा आणि लाकडाला निवू द्यायचे. या भोकात पितळी नळी चिकटवली की इतके सांधे पोटात बाळगणाऱ्या ठोकळ्याला पहिल्यांदा कणा मिळतो.

आता लेथ मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते. पटाशीला ताजी धार हवी आणि काप अगदी हलका, कारण टोकांशी नळीवर उरणारे लाकूड एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि आडव्या रेषेचा तुकडा तिथे सहज उडतो. पट्टी अॅल्युमिनियमची असेल, तर पॉलिश पेपरने घासताना तिची करडी पूड शेजारच्या फिकट लाकडात मुरते. नवशिक्याने धातूचा मोह सुरुवातीला टाळावा, हे यासाठीच सांगावेसे वाटते. घासून झाल्यावर पातळ सुपरग्लूचे थरावर थर देऊन लाकडाला काचेसारखी झळाळी आणतात. बारीक धूळ आणि ग्लूची वाफ दोन्ही छातीला बाधक असल्याने तोंडावर मास्क आणि खोलीत खेळती हवा असायलाच हवी.

जुळणीच्या वेळी पिळाची यंत्रणा, म्हणजे पेन पिळताच रिफिल आत-बाहेर करणारा सुटा भाग, पेनाच्या दोन भागांपैकी खालच्या भागाच्या नळीत थोडी थोडी दाबत नेतात आणि मध्ये मध्ये रिफिल घालून पाहतात, कारण ती जास्त आत गेली तर रिफिलचे टोक आत जातच नाही आणि यंत्रणा सहसा धडपणे परत निघत नाही. पेनाचे दोन भाग एकमेकांवर फिरतात, त्यामुळे वरची आणि खालची नक्षी एकाच स्थितीत जुळू शकते. जाणकार कातारी ती रिफिल बाहेर असताना, म्हणजे लिहिण्याच्या स्थितीत जुळवतो.