केमोथेरपी चालू असताना हृदयाकडे लक्ष का ठेवावे?

नमस्कार. निपाणी, चिक्कोडी, खानापूर या आपल्या भागात कित्येक घरांत एकाच माणसाच्या दोन फायली असतात. कॅन्सरचे उपचार मिरजेला किंवा कोल्हापूरला आणि हृदयाचे बेळगावला. तंबाखूमुळे दोन्ही आजार बळावतात, त्यामुळे ते एकाच माणसाला होणे नवलाचे नाही. मात्र एका डॉक्टरांची औषधे दुसऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसणे धोक्याचे आहे.

स्तनाच्या कर्करोगात आणि लिम्फोमामध्ये (लसीका ग्रंथींच्या कर्करोगात) डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध शिरेतून देतात. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते आणि घरचे घाबरतात. पण तो औषधाचाच रंग असतो. खरी काळजी हृदयाच्या स्नायूची आहे, कारण आयुष्यभरात या औषधाची एकूण मात्रा जितकी वाढते तितका हृदयाला धोका वाढतो, आणि त्याचा परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतो. म्हणून जुन्या केमोचे कागद टाकून देऊ नयेत. स्तनाच्या काही कर्करोगांत देतात त्या ट्रास्टुझुमॅब या औषधानेही हृदयाची ताकद कमी होऊ शकते, परंतु औषध थांबवल्यावर ती बहुधा सुधारते. त्यासाठीच साधारण दर ३ महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात.

इकोच्या रिपोर्टात ईएफ नावाचा आकडा असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते, हे तो सांगतो. ५० ते ७० हे सर्वसाधारण प्रमाण. तरीही मागच्या वेळी ६५ असलेला आकडा आता ५२ झाला असेल, तर डॉक्टरांना त्याचे कारण अवश्य विचारावे.

जिना चढताना धाप लागणे, रात्री उशी उंच घ्यावी लागणे, नडगीवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहणे, ही हृदय कमकुवत झाल्याची लक्षणे असू शकतात; केमोचा थकवा म्हणून ती अंगावर काढू नका. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या चालू असताना छातीत दुखले, तर पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठावे.

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्यांनी विशेष जपावे. केमोने प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घटतात आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तस्रावाची भीती वाढते. पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा शौचाला काळे होऊ लागले, तर त्याच दिवशी दोन्ही डॉक्टरांना कळवा आणि गोळ्यांचे काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्या.