न खोडता येणारी रेघ

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, येताना तलावपाळीवरून आलात ना? तिथे काठाला होड्या बांधलेल्या असतात. त्यांचा दोर किती वेढे घेऊन बांधलाय, कधी पाहिलंत? माझा जन्म ठाण्यातला. गडकरी रंगायतनला नाटकं बघायला त्याच काठाने जात मी मोठी झाले. तो दोर मात्र मला दिसला चाळिशीत, एका ऑक्टोबरमध्ये.

'इंकटोबर' तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून २००९ मध्ये तो सुरू केला. ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज शाईचं एक चित्र. रोजचा एक शब्दही ठरलेला असतो. आम्ही मैत्रिणींनी शब्द आपले घेतले: वाफ, किल्ली, सावली, गाठ.

'गाठ'च्या दिवशी सकाळी मला काही सुचेना. मग लोकलमध्ये समोरच्या बाईंनी मेथी निवडून झाल्यावर पिशवीचे दोन कान धरून गाठ मारली, आणि तिथून दिवसभर मला गाठीच दिसू लागल्या. टेंभी नाक्यावर नवरात्राचा मांडव उभा राहत होता. बांबूंच्या फुलीवर एक जण दोरी बांधत होता. तिरके दोन वेढे, मग उलट बाजूने दोन, करकचून पीळ, आणि उरलेलं टोक आत खुपसलेलं. मी खाली उभी राहून काढायला लागले. दोरी कुठे वर येते आणि कुठे खाली जाते हे कळल्याशिवाय गाठ काढताच येत नाही, हे तेव्हा समजलं.

पेन्सिल असती तर मी इतकं पाहिलं नसतं. खोडरबर हाताशी असलं की हात आधी धावतो, डोळा मागून येतो. शाईत ती सोय नाही. गाण्यातही नाही. यमन राग शिकताना मला पंचमावर, म्हणजे 'प'वर, जाऊन टेकायची घाई व्हायची, आणि वाटेतला तीव्र मध्यम, म्हणजे त्याच्या आधीचा 'म', हवा त्याहून चढा लागायचा. लागला तो लागला. आमच्या गाण्याच्या बाई तिथे थांबू देत नसत. ठेका चालू आहे ना, मग तालाचं आवर्तन पुरं कर आणि समेवर, पहिल्या मात्रेवर, ये! आज मला ती शिस्त फार मोलाची वाटते.

त्या गाठीत माझा तिसरा वेढा चुकला. तसाच ठेवून पुढचे काढले.

त्या महिन्यात माझी तेवीसच चित्रं झाली, कारण मध्येच आईला इस्पितळात ठेवावं लागलं. 'वाफ' मी तिच्या उशाशी बसून काढली, चहाच्या ग्लासावरची. तेवीसचं मला वाईट वाटत नाही. मोजदाद आणि लगेच फोनवर टाकायची घाई, या दोन्हींनी चित्राचा जीव जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान एक रात्र तरी ते वहीतच राहू द्या.

आईने ती वही मागून घेतली. तिने आयुष्यभर दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे. गाठीच्या पानावर तिने दोरीवरून बोट फिरवायला सुरुवात केली, रांगोळीची रेघ ओढावी तसं, सावकाश. तिसऱ्या वेढ्यापाशी बोट थांबलं.

"इथे ही खालून जायला हवी होती ना गं?"