अहवालातले दुसरे वाक्य

श्रोतेहो, नमस्कार. विज्ञान-तंत्रज्ञानाची धोरणे ठरवताना सरकारने तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, याविषयी आज कोणाचे फारसे दुमत नाही. मला बोलायचे आहे ते घेतलेल्या सल्ल्याचे पुढे काय होते, याविषयी.

ब्रिटनमध्ये १९८६ साली गुरांच्या मेंदूचा एक नवा रोग आढळला. 'मॅड काऊ' या नावाने तो पुढे जगभर ओळखला गेला. या रोगाचा विचार करण्यासाठी सरकारने १९८८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली एक छोटी समिती नेमली. मानवी आरोग्यावर याचा परिणाम होण्याची शक्यता फारच कमी आहे, असे समितीने फेब्रुवारी १९८९ च्या अहवालात म्हटले. आणि लगोलग असेही बजावले, की हा अंदाज चुकीचा ठरला, तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. पहिले वाक्य लोकांना दिलासा देण्यासाठी पुनःपुन्हा वापरले गेले, दुसरे मात्र मागे पडले. अखेर २० मार्च १९९६ रोजी सरकारला संसदेत सांगावे लागले, की दहा रुग्णांमध्ये मेंदूचा एक नवा, जीवघेणा विकार आढळला असून त्याचा संबंध गुरांच्या याच रोगाशी असण्याची दाट शक्यता आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये आजवर १७० हून अधिक माणसे दगावली आहेत. हा आकडा वाचताना मला ते दुसरे वाक्य दरवेळी आठवते.

सल्ला अडचणीचा असला, की कधी कधी समितीवरच गदा येते. सोव्हिएत रशियाच्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या उड्डाणानंतर १९५७ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची विज्ञान सल्लागार समिती उभी राहिली. स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे, प्रवासी विमान आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा या प्रश्नांवर काही सदस्यांनी जाहीरपणे वेगळे मत मांडल्यानंतर, १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ती मोडीत काढली.

निर्णय घेण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या सरकारचा आहे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच ब्रिटनने २०१० मध्ये स्वीकारलेले तत्त्व मला मोलाचे वाटते: तज्ज्ञांचा सल्ला नाकारायचा असेल, तर मंत्र्याने आपली कारणे स्पष्ट करावीत. साउथवुड समितीचे म्हणणे मात्र कोणी नाकारले नव्हते. ते अर्धेच सांगितले गेले. अशा वेळी उरलेले अर्धे लोकांपुढे ठेवणे समितीलाच भाग आहे, आणि त्यासाठी अहवाल सादर झाला म्हणून तिचे काम तिथेच थांबता कामा नये.