ऑइल फिल्टर आणि तो उघडायचा पाना

श्रोतेहो, नमस्कार. मोटरसायकलचं ऑइल घरी बदलणाऱ्यांसाठी आज बोलणार आहे, आणि त्यातही फक्त दोनच वस्तूंबद्दल: ऑइल फिल्टर आणि तो काढायचा पाना. दोन्ही एकत्र घेण्याला कारण आहे. बहुतेक जण ऑइल आणतात, फिल्टर आणतात, ड्रेन प्लग उघडून जुनं ऑइल सोडून देतात आणि मग फिल्टरला हात घालतात. तो हलत नाही. आता इंजिनात ऑइल नाही, म्हणजे पाना आणायला त्याच गाडीवरून जाताही येत नाही. तेव्हा पाना आधी हवा, आणि ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी, खाली ट्रे ठेवून, फिल्टर जरासा सैल होतोय की नाही ते बघून घ्यायचं.

पण पान्याकडे जायच्या आधी आपल्या गाडीत आहे काय, ते माहीत हवं. बऱ्याच छोट्या इंजिनांत बदलायचा फिल्टरच नसतो. तिथे एक तारेची जाळी असते आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला फिरणारी वाटी असते. वाटी गरगर फिरते, ऑइलमधला जड गाळ कडेला फेकला जाऊन तिथेच चिकटतो. ही जाळी धुवायची, वाटी उघडून पुसायची. खरेदी काही नाही, त्यामुळे अशा गाडीवाल्यांना आजच्या भाषणातून फारसं काही मिळणार नाही. दुसऱ्या प्रकारात घड्यांच्या कागदाचा उघडा फिल्टर इंजिनातल्या खोबणीत बसतो आणि त्यावर दोन-तीन बोल्टचं झाकण असतं. त्याला खास पाना लागत नाही, पण त्याच्या खोड्या वेगळ्या आहेत, त्या पुढे सांगतो. तिसरा प्रकार म्हणजे पत्र्याचा बंद डबा, जो आट्यांवर फिरवून बसवतात आणि अख्खाच फेकून देतात. स्पिन-ऑन म्हणतात तो हाच. पान्याचा सगळा खटाटोप याच्यासाठी.

मोटरसायकलला फिल्टर चांगला हवा, हे मी जरा जोर देऊन सांगतो. मोटारीत साधारणपणे इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. बहुतेक मोटरसायकलींत एकच ऑइल इंजिनातून फिरतं, गिअरच्या दातांमधून फिरतं आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. म्हणजे पिस्टन-सिलिंडरच्या झिजेचे कण, गिअरच्या दातांचं पोलाद आणि क्लचच्या अस्तराचा काळा भुगा, असं तिन्हींचं ओझं एकट्या फिल्टरवर पडतं. त्यात इंजिन फिरतंही जोरात.

आता निवड. डबा दिसायला सारखा आणि हाताने फिरवल्यावर बसतोय, एवढ्यावर फिल्टर घेणारे खूप आहेत. त्यांनी आट्यांकडे बघावं. बऱ्याच जपानी मोटरसायकलींच्या फिल्टरचे आटे एम २० बाय १.५ मापाचे असतात, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर. दुसरं प्रचलित माप पाऊण इंची, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर होतं १.५९ मिलिमीटरच्या आसपास. फरक इतका बारीक, की एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या स्टडवर, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर, काही आटे चढतोसुद्धा. बसला असं वाटतं, पण पकड नसते. दाब आला की एक तर गळतो, नाही तर आटे खाऊन सुटतो, आणि फिल्टर मागच्या चाकाच्या पुढे असतो हे विसरू नका. म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने नाही, आपल्या मॉडेलसाठी कंपनीच्या यादीत जो नंबर दिलाय त्यानेच फिल्टर घ्यायचा.

आटे जुळले तरी आत दोन झडपा आहेत, त्या बाहेरून नीट कळत नाहीत. एक बायपासची. ऑइल थंड आणि घट्ट असताना किंवा कागद गाळाने भरल्यावर ऑइलला फिल्टरमधून वाट मिळत नाही. तेव्हा ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. बेअरिंग कोरडी पडण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं, असा सरळ हिशेब. पण ती किती दाबाला उघडावी हे इंजिनागणिक ठरलेलं असतं, आणि काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनातच असते. मोटारीचा फिल्टर आट्यांवर बसतो म्हणून मोटरसायकलला लावणारे इथेच फसतात. दुसरी झडप म्हणजे रबराची पातळ चकती. इंजिन बंद झालं की डब्यातलं ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून ती असते. डबा आडवा बसत असेल तर ही चकती चांगली हवी, नाही तर सकाळी चालू करताना ऑइलचा दिवा रेंगाळतो आणि इंजिन काही क्षण खडखडतं. ही चकती साध्या नायट्राइल रबराची असते किंवा सिलिकॉनची. सिलिकॉन उष्णतेने लवकर कडक होत नाही.

खोक्यावरच्या मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आकड्याने फार हुरळून जाऊ नका. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यामुळे २० मायक्रॉन वाचलं की भारी वाटतं. पण २० मायक्रॉनचे कण शंभरातले किती पकडले जातात, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. निम्मे पकडणाराही २० मायक्रॉनचाच म्हणवतो आणि जवळपास सगळे पकडणाराही. यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी आहे, तिच्यात किती आकाराचे किती कण अडले हे मोजून सांगतात. निर्मात्याने असा आकडा दिला असेल तर तो वाचा. नसेल, तर गाडीच्या कंपनीचा फिल्टर किंवा नाव असलेल्या निर्मात्याचा फिल्टर घ्या आणि पुढे जा. धुऊन पुन्हा वापरायच्या स्टीलच्या जाळीचे फिल्टरही मिळतात. शर्यतीत ते दर थोड्या वेळाने उघडून तपासतात, तिथे ठीक. रोजच्या वापरात, घरच्या घरी जाळी खरंच साफ झाली की नाही हे ठरवणार कोण? मी तरी कागदाचाच घेईन.

काही फिल्टरच्या तळाला बाहेरून एक नट वेल्ड केलेला असतो, बहुधा १७ मिलिमीटरचा. ज्यांच्या गाडीत जागा अडचणीची आहे त्यांनी या सोयीचा विचार जरूर करावा, साधा १७ चा पाना लावला की काम झालं. मात्र तो नट फिल्टर उघडण्यासाठी. त्यावर पाना लावून फिल्टर आवळू नका, कारण नट ज्या पत्र्याला वेल्ड केलाय तो पत्रा पातळ असतो.

तुमच्या फिल्टरला असा नट नसेल, तर पाना निवडावा लागेल. सगळ्यात पहिला मान कपासारख्या पान्याचा. डब्याच्या टोकाला कडेने खाचा असतात, त्यांवर हा कप टोपीसारखा बसतो आणि मागून रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा दांडा, लागतो. याला दोन मापं असतात, व्यास आणि खाचांची संख्या. जपानी मोटरसायकलींच्या बऱ्याच फिल्टरना ६५ मिलिमीटर आणि १४ खाचांचा कप लागतो, पण मोठे डबेही आहेत, तेव्हा यावर विसंबू नका. फिल्टर हातात घ्या, खाचा मोजा, समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर कॅलिपरने घ्या आणि मगच कप घ्या. इथे एक गोष्ट सुटते. गाडीवर आज बसलेला फिल्टर एका निर्मात्याचा आणि तुम्ही आणलेला दुसऱ्याचा, असं असेल तर दोघांच्या डब्याची टोकं वेगळी असू शकतात. जुना काढायला एक कप आणि पुढच्या खेपेला हा काढायला दुसरा! म्हणून फिल्टरचा निर्माता एकदा ठरवा आणि शक्यतो तोच ठेवा. कप घेताना जाड, ओतीव ॲल्युमिनियमचा किंवा भक्कम पोलादाचा बघा. पातळ पत्र्याचे कप जोर आला की उमलतात आणि खाचांवरून घसरतात.

कपाची खरी किंमत कळते ती फिल्टर एक्झॉस्टच्या पायपांच्या मागे असला की. अनेक इंजिनांना फिल्टर पुढच्या बाजूला, पायपांच्या बेचक्यात असतो. तिथे डब्याच्या बाजूंनी बोटही जात नाही. कपाला फक्त टोकाकडून वाट हवी असते. एक्स्टेन्शन लावून रॅचेट पायपांच्या बाहेर आणता येतो. पट्ट्याचा पाना, साखळीचा पाना, मोठ्या पक्कडीसारखा पाना, हे सगळे डब्याला बाजूने वेढतात आणि त्यांच्या दांड्याला फिरायला जागा लागते. तीन पायांचा पानाही मिळतो. फिरवू लागलं की त्याचे पाय आवळत जातात. अनेक मापांच्या डब्यांना तो एकच चालतो, त्यामुळे वेगवेगळ्या गाड्या हाताळणाऱ्याकडे असायलाच हवा. पण त्याच्या पायांनाही बाजूला जागा लागते, आणि अडकलेल्या फिल्टरचा पत्रा तो चेपून टाकतो. एकच गाडी असेल तर माझं मत कपाला. तीन पायांचा दुसरा.

फिल्टर अडकलाच तर? इंजिन काही मिनिटं चालवा, ऑइल कोमट होऊ दे. एक्झॉस्टचे पाईप मात्र त्याच्या कितीतरी आधी तापतात, तेव्हा हात सांभाळा. डब्याचं टोक तेलकट असेल तर पुसून कोरडं करा. कप ढिला बसत असेल तर खरखरीत पॉलिश पेपरची पट्टी मध्ये घाला आणि कप रबरी हातोडीने ठोकून बसवा. स्क्रू ड्रायव्हर आरपार मारून फिरवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. पत्रा पातळ असतो, तो कागदासारखा फाटत जातो आणि शेवटी आट्यांची चकती तेवढी इंजिनाला चिकटून राहते. मग छिन्नीने चकतीच्या कडेला टिचक्या मारत ती फिरवत बसावं लागतं. तेव्हा ही युक्ती अगदी शेवटची, आणि करायचीच तर भोक मधोमध नको. मधोमध स्टड असतो, त्याचे आटे गेले तर खर्च फिल्टरचा राहत नाही.

फिल्टर निघाला की इंजिनाच्या तोंडाकडे बघा, नुसतं बघू नका, बोट फिरवा. जुन्या फिल्टरचं रबरी गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारी कडी, तिथेच चिकटून राहिलेलं असू शकतं. त्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन गॅस्केट एकावर एक येतात. उभ्या गाडीत कदाचित काही कळत नाही, आणि दाब वाढला की एक गॅस्केट बाहेर फेकलं जाऊन ऑइल उडतं. कधी कधी स्टडच फिल्टरबरोबर निघून येतो, तेही तपासा.

आता बसवणं. मुळात फिल्टर अडकतात ते बहुतेक वेळा आधीच्याने पान्याने करकचून आवळल्यामुळे. गॅस्केटला नव्या ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने फिरवा, गॅस्केट टेकलं की तिथून मोजायला सुरुवात करा. पुढे किती, ते फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, बहुधा पाऊण ते एक फेरा. सुझुकीच्या काही गाड्यांची मॅन्युअल मात्र दोन फेरे सांगतात. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, असेल तर होंडाच्या अनेक गाड्यांना २६ न्यूटन मीटर आणि यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना १७ सांगितलेत. दोन्हींत केवढा फरक आहे बघा. टॉर्क रेंच कपावर लावता येतो, आणि बसवताना कपाचा उपयोग एवढाच. साधा रॅचेट लावून अजून थोडं, अजून थोडं, असं नको.

झाकणाखालच्या कागदी फिल्टरबद्दल सांगायचं राहिलंय. त्यात चूक होते ती दिशेची. काही फिल्टरना एकाच बाजूला भोक असतं. होंडाच्या सीआरएफ जातीच्या गाड्यांच्या फिल्टरवर कोणती बाजू बाहेर यायची ते छापलेलं असतं. उलटा बसवला तर ऑइलची वाट अडते आणि इंजिन जाऊ शकतं. जुना काढतानाच मोबाइलवर फोटो घ्या, स्प्रिंग कुठल्या बाजूला होती तेही त्यात येऊ दे. झाकणाची ओ-रिंग नवी टाका. झाकणाचे छोटे बोल्ट हलक्या हाताने आवळा, कारण ते ॲल्युमिनियममध्ये बसतात. १९६९ च्या होंडा सीबी ७५० सारख्या जुन्या गाड्यांना मधोमध एकच लांब बोल्ट असतो. त्याचं डोकं १२ मिलिमीटरचं, बोल्टच्या मानाने लहान, आणि गोल होण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. तिथे सहा कोनांचाच सॉकेट वापरा, बारा कोनांचा नको. मोठ्या डोक्याचे बोल्ट बदली म्हणून मिळतात.

ऑइल भरून इंजिन चालू केलं की दिवा विझतोय ना ते पाहा, फिल्टरच्या कडेला ओल आहे का ते पाहा, मग बंद करून थोडं थांबून पातळी तपासा. नव्या फिल्टरने थोडं ऑइल पोटात घेतलेलं असतं, तेवढं वर भरावं लागतं. डब्यावर मार्करने तारीख, किलोमीटर आणि कपाचं माप लिहून ठेवा.

जुना डबा लगेच टाकू नका. रात्रभर पालथा ठेवून निथळू द्या, ते ऑइल आणि इंजिनातलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता जिथे वापरलेलं ऑइल घेतात तिथे द्या. हौस असेल तर डबा कापून कागदाच्या घड्या उलगडा. करवतीने नका कापू, तिचाच कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कण कुठला आणि करवतीचा कुठला, हे कळत नाही. यासाठी गोल फिरवून कापायचं हत्यार मिळतं. घड्यांवर काळा भुगा दिसला तर तो बहुतेक क्लचचा, थोडा असणारच. चमकणारे कण दिसले तर त्यांवरून चुंबक फिरवा. चिकटले ते पोलादाचे, गिअरकडचे असू शकतात. चंदेरी असून चिकटत नाहीत ते ॲल्युमिनियमचे. तांबूस किंवा सोनेरी झाक असलेले बेअरिंगच्या किंवा बुशच्या धातूचे असू शकतात, आणि ते नजरेत भरण्याइतके असतील तर गाडी चालू न करता मेकॅनिकला तो कागदच नेऊन दाखवा.

नमस्कार.