शेवटच्या बसच्या आधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अभियांत्रिकी शिक्षणातलं वैविध्य आणि विद्यार्थ्यांची गळती'. त्याकडे मी येतेच, पण आधी एका खुंटीबद्दल सांगू द्या.

मी पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचे. एका वर्षी वर्गात आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची एक मुलगी आली. वडील मेस्त, म्हणजे सुतार. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, इथल्या बऱ्याच जणांचं झालं तसंच. बारावीला गणितात उत्तम गुण. घरातून कॉलेजात पोचलेली पहिलीच. एकदा मी फळ्यावर प्रश्न घातला: शंकूचा फ्रस्टम एचपीवर, म्हणजे आडव्या प्रतलावर, उभा आहे, समोरून आणि वरून कसा दिसतो ते काढा. बाकांमधून फिरत तिच्यापाशी आले. मिनी ड्राफ्टर बोर्डाला घट्ट बसवलेला. शीटच्या चारही कोपऱ्यांना टेप, समास आखलेला, टायटल ब्लॉकमध्ये सुरेख अक्षरात नाव आणि रोल नंबर. बाकी शीट कोरी. मी लाल पेन्सिलीने 'अपूर्ण' लिहिलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

जानेवारीत ती आलीच नाही. दोन विषय राहिले होते. मी घरी फोन लावला, तर वडील एवढंच म्हणाले, "मॅडम, तिका जमना."

मला राहवेना. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पडवीत मेस्त दाराच्या चौकटीसाठी खुंट्या तासत बसले होते. मुळाशी जाड, पुढे निमुळती होत गेलेली, टोक सपाट कापलेलं. मी एक उचलून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "बाय, ही वरून कशी दिसेल गो?" तिने वडिलांच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि फळीवर एकात एक दोन वर्तुळं काढली. समोरून? वर अरुंद, खाली रुंद असा चौकोन. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फ्रस्टम म्हणजे ही?"

मंडळी, ती वस्तू तिच्या घरात रोज घडत होती. अडला होता तो एक शब्द, आणि तो विचारायला शेजारी कोणी नव्हतं. हॉस्टेलची मुलं रात्री एका खोलीत शीटा पसरून बसायची, एकाला अडलं की दुसरा दाखवायचा. ही तास सुटल्या सुटल्या धावायची, कारण वाळपईहून गावाकडे जाणारी शेवटची कदंब बस चुकली की रात्र कुठे काढायची? ती पुन्हा कॉलेजात आली नाही. फायलीत नोंद झाली 'स्वेच्छेने प्रवेश रद्द'. बैठकीत हळहळ झाली ती सीट वाया गेल्याची. मुलीबद्दल कोणी शब्द काढला नाही. मीही त्या बैठकीत गप्प बसले, आणि तो सल अजून जात नाही.

माझे काका बेळगावला इंजिनिअरिंग शिकले. तेव्हा गोव्यात कॉलेजच नव्हतं, आपलं पहिलं 1967 साली निघालं. एका खोलीत चार गोंयकार. एकजण शीत-कडी रांधायचा, बाकीचे त्याला मोठ्याने गणितं वाचून दाखवायचे. चौघेही पास झाले. आज एनआयटी 2010 पासून आहे, आयआयटी 2016 पासून आहे, इतरही कॉलेजं आहेत. शिकायला बेळगाव गाठायची गरज उरली नाही, पण ती खोलीही उरली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगते.

अमेरिकेत बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्रीझमन यांनी 1970 च्या दशकात कॅलक्युलसमध्ये अडखळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास केला. प्राध्यापकांना वाटत होतं, तयारी कच्ची असेल, जिद्द नसेल, घरून पाठिंबा नसेल. ट्रीझमननी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाची मुलं जवळून पाहिली. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, घरचे पाठीशी होते, पण बहुतेकजण एकटे अभ्यास करत. चिनी मुलं संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत. मग त्यांनी गट सुरू केले. त्यांत उजळणी नव्हती, उलट जास्त कठीण गणितं होती. मुलं टिकली, चांगल्या गुणांनी पुढे गेली. जादा तास म्हटलं की आपण 'कच्च्यांचा वर्ग' भरवतो आणि मुलगा तिथे बसायला लाजतो. हा फरक कृपा करून लक्षात घ्या.

आपल्याकडे देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक, ए. ललिता, 1943 साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. आणि आयआयटीत मुलींसाठी जादा जागा सुरू झाल्या 2018 साली! दार उघडायलाच इतकी वर्षं लागली. राखीव जागा हव्यातच, त्यावर माझं दुमत नाही. पण जागा देऊन थांबलो तर गावडा, वेळीप, धनगर समाजाच्या घरातलं मूल वर्गात येतं आणि शेजारी कोणी नसतं. प्रवेशाची यादी पेपरात येते. दुसऱ्या सेमिस्टरला किती उरले, कुठल्या तालुक्यातले गेले, ही यादीही प्रत्येक कॉलेजने लावली पाहिजे.

गट पहिल्याच महिन्यात करायचे, चार-पाच जणांचे, आणि दुपारी, तासांच्या वेळेतच. शब्दांची भीती तिथेच मोडते, मराठीत, कोंकणीत, जसं येईल तसं.

वेळ संपली. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या घरातलं, वाड्यावरचं कोणी यंदा पहिल्या वर्षाला असेल तर नाव लिहा, आणि नावापुढे त्याच्या गावच्या शेवटच्या बसची वेळ.