नवरीचा गुच्छ आणि राजाचे मौन

श्रोतेहो, नमस्कार.

दर वर्षी नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजण्याच्या सुमारास, लंडनमधील व्हाइटहॉल या रस्त्यावर ब्रिटनचे राजे, त्यांच्या घरातील माणसे, पंतप्रधान, विरोधी पक्षांचे नेते, राष्ट्रकुलातील देशांचे उच्चायुक्त आणि हजारो निवृत्त सैनिक एका उंच, साध्या, पांढुरक्या दगडी स्मारकासमोर जमतात. या स्मारकाला सेनोटाफ म्हणतात. आपल्या दिल्लीच्या इंडिया गेटचा आराखडा करणारे एडविन ल्युटन्स यांनीच त्याचाही आराखडा केला. त्याच्या आत कोणाचेही अवशेष नाहीत. ज्यांचे देह परदेशच्या मातीत राहिले, त्या सर्वांसाठी ते उभारलेले आहे. या समारंभाला राजघराणे का येते आणि तेथे येऊन नेमके काय करते, याविषयी आज मला बोलायचे आहे. आणि त्या निमित्ताने, मला अतिशय प्रिय असलेली एका लग्नातील हकिकतही सांगायची आहे.

समारंभाचा क्रम अगदी थोडक्यात सांगतो. बिग बेनचे ठोके पडू लागतात, जवळच्या हॉर्स गार्ड्स मैदानावरून तोफ सुटते आणि दोन मिनिटांचे मौन सुरू होते. दुसरी तोफ सुटली की मौन संपते, बिगूल वाजतात आणि राजे पुढे येऊन पहिले पुष्पचक्र वाहतात. लाल पॉपीच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची खूण मानल्या जाणाऱ्या फुलांचे ते चक्र ठेवून ते दोन पावले मागे सरतात, सलामी देतात आणि आपल्या जागी परत जातात. श्रोतेहो, राजे तेथे भाषण करीत नाहीत. हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण माझ्या दृष्टीने या समारंभाचे सारे सत्त्व येथेच आहे. देशाचा प्रमुख तेथे येतो, सर्वांच्या आधी फुले वाहतो आणि एक शब्दही न बोलता परततो. त्या दिवशी तो अध्यक्ष नसतो, प्रमुख पाहुणा नसतो. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्यापैकी एक असतो.

दोन मिनिटांच्या मौनाची प्रथा १९१९ सालची आहे. पहिले महायुद्ध थांबल्याला एक वर्ष होत होते, तेव्हा राजे पंचम जॉर्ज यांनी सर्व साम्राज्याला उद्देशून आवाहन केले, की ११ नोव्हेंबरला अकरा वाजता सर्वांनी दोन मिनिटे आपापले काम थांबवावे. त्या वर्षीचे सेनोटाफ लाकूड आणि प्लास्टरचे होते, विजयाच्या संचलनापुरते उभारलेले. परंतु त्याच्या पायथ्याशी लोकांनी वाहिलेल्या फुलांच्या राशी साचत गेल्या आणि अखेर सरकारला ते कायमस्वरूपी दगडात बांधावे लागले. लोकांच्या भावनेपुढे सरकारी योजना बदलावी लागल्याची अशी उदाहरणे फार थोडी सापडतात आणि म्हणूनच ती आवर्जून सांगावीशी वाटतात.

आता हकिकतीकडे वळतो. तिची सुरुवात लग्नाच्या बरीच आधी, फ्रान्समधील आर्मांतिए या गावी झाली. १९१६ साली डेव्हिड रेल्टन नावाचे सैन्यातील एक धर्मगुरू तेथे मुक्कामाला होते. घरामागील छोट्या बागेत त्यांना एक थडगे दिसले. त्यावर ओबडधोबड लाकडी क्रूस रोवलेला होता आणि क्रूसावर पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘एक अज्ञात ब्रिटिश सैनिक’, आणि खाली त्याच्या पलटणीचे नाव, ‘ब्लॅक वॉच’. माणूस कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, काहीच नाही, केवळ पलटण. हे पलटणीचे नाव कृपया लक्षात ठेवा, ब्लॅक वॉच. पुढे ते पुन्हा येणार आहे.

रेल्टन यांच्या मनातून ते थडगे गेले नाही. १९२० साली त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबे या लंडनमधील चर्चचे प्रमुख हर्बर्ट राइल यांना पत्र लिहून सुचवले, की अशा एका अनोळखी सैनिकाचा देह मायदेशी आणावा आणि जेथे राजेरजवाडे चिरनिद्रा घेत आहेत, त्या ॲबेमध्ये त्याचे दफन करावे. राइल यांना कल्पना पटली. राजे पंचम जॉर्ज मात्र सुरुवातीला कचरले. एवढ्या दिवसांनी दफनविधी केल्यास लोकांच्या जखमेवरची खपली निघेल, असे त्यांना वाटले. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी त्यांची समजूत घातली. मग निरनिराळ्या रणभूमींवरून ओळख न पटलेले काही देह एकत्र आणण्यात आले आणि त्यांतून एका ब्रिगेडियर जनरलने रात्रीच्या वेळी एक देह निवडला. तो कोणाचा, हे कोणालाही कधीच कळू नये, अशीच ही योजना होती, कारण मुलाचा देह न मिळालेल्या प्रत्येक आईला तो आपलाच मुलगा असेल असे म्हणता यावे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या आवारातील ओकची शवपेटी करण्यात आली आणि राजाच्या खासगी संग्रहातील तलवार तिच्यावर बसवण्यात आली. ११ नोव्हेंबर १९२० रोजी राजांनी दगडी सेनोटाफचे अनावरण केले आणि तेथून ते तोफगाड्यामागे पायी ॲबेपर्यंत चालत गेले. ज्याचे नावही ठाऊक नाही अशा एका माणसामागून राजा चालला आणि फ्रान्सहून आणलेली माती त्याने स्वतःच्या हाताने शवपेटीवर टाकली. ॲबेच्या पश्चिम दाराशी, आत शिरताच समोर, ही समाधी आहे. तिच्यावर काळ्या बेल्जियन संगमरवराची शिळा आहे आणि ॲबेच्या फरशीत शेकडो समाध्या असल्या, तरी याच एका शिळेवर कोणीही पाय ठेवत नाही. राज्याभिषेकाची मिरवणूकही तिला वळसा घालून जाते.

आता नवरीविषयी. स्कॉटलंडमधील ग्लॅमिस किल्ल्याच्या घराण्यातील एलिझाबेथ बोज-लायन हिचा जन्म ४ ऑगस्ट १९०० चा. ब्रिटनने युद्ध पुकारले ते ४ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे तिच्या चौदाव्या वाढदिवशी. भाऊ पलटणीत गेले, ग्लॅमिसमध्ये जखमी सैनिकांसाठी विश्रांतिगृह सुरू झाले, आणि ही मुलगी त्या सैनिकांची पत्रे लिहून देणे, त्यांच्यासाठी लहानसहान वस्तू आणणे, त्यांच्याबरोबर पत्ते खेळणे यांत मोठी झाली. तिचा भाऊ फर्गस हा ब्लॅक वॉच पलटणीत होता. होय, तीच पलटण. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत तो मारला गेला. वय सव्वीस, मागे पत्नी आणि दोन महिन्यांची मुलगी. त्याला एका खाणीत पुरले होते. पुढे त्या खाणीची युद्ध-दफनभूमी झाली, पण त्याच्या थडग्याची नोंद मात्र हरवली. परिणामी त्याचे नाव लूसच्या स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा वीस हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत कोरले गेले. १९१७ साली मायकेल हा दुसरा भाऊ बेपत्ता झाल्याची बातमी आली आणि घराने त्याचीही आशा सोडली होती. तो जर्मनांच्या कैदेत जिवंत असल्याचे नंतर कळले.

२६ एप्रिल १९२३ रोजी या एलिझाबेथचे लग्न पंचम जॉर्ज यांचे पुत्र राजपुत्र आल्बर्ट यांच्याशी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झाले. रेडिओच्या श्रोत्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, नुकतीच जन्मलेली बीबीसी हा सोहळा प्रक्षेपित करू इच्छित होती. राइल यांना ते मान्यही होते, परंतु ॲबेच्या धर्ममंडळाने परवानगी नाकारली. त्यामुळे त्या दिवशी काय घडले, ते केवळ ॲबेमध्ये असलेल्यांनीच पाहिले. नवरी वडिलांबरोबर पश्चिम दारातून आत आली. समोर काळी शिळा होती. आत सारी निमंत्रित मंडळी तिष्ठत होती, नवरदेव वेदीपाशी उभा होता. ती पुढे झाली आणि हातातला पांढऱ्या फुलांचा गुच्छ तिने अज्ञात योद्ध्याच्या शिळेवर ठेवला. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हते आणि कोणी तिला सुचवलेही नव्हते. त्यानंतर रिकाम्या हातांनी ती वेदीपर्यंत चालत गेली आणि रिकाम्या हातांनीच बोहल्यावर उभी राहिली.

श्रोतेहो, आपल्याकडे देवक बसवताना नांदीश्राद्ध करतात आणि मगच मंगलकार्याला लागतात. गेलेल्यांना आधी पान वाढायचे, मग अक्षता. त्यामुळे एलिझाबेथच्या कृतीचे मर्म आपल्या घरातील आजीबाईंना समजावून सांगावे लागणार नाही. भावाचे थडगे नाही, तेव्हा त्याच्या वाटची फुले तिने त्या अनोळखी माणसाला दिली.

त्या एका क्षणाची पुढे रीत झाली. राजघराण्यातील नववधूंचे गुच्छ त्या शिळेवर ठेवले जातात, फरक इतकाच की लग्नविधी झाल्यावर. एलिझाबेथची कन्या, पुढची राणी दुसरी एलिझाबेथ, हिचा १९४७ सालचा गुच्छ लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तेथे पाठवण्यात आला. २०११ साली राजपुत्र विल्यम यांच्या वधू कॅथरिन यांचा गुच्छ तेथे गेला. २०१८ साली राजपुत्र हॅरी यांच्या वधू मेगन यांचे लग्न विंडसरला झाले, तरी फुले लंडनला, त्याच शिळेवर आली. ज्या नवरीने ही रीत घातली, ती पुढे राणी झाली, राजमाता झाली आणि २००२ साली एकशे एक वर्षांची होऊन वारली. तिच्या शवपेटीवरचे पुष्पचक्र तिच्या इच्छेनुसार अज्ञात योद्ध्याच्या समाधीवर ठेवण्यात आले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१२ साली, फर्गसच्या नातवाने दिलेल्या घरातील कागदपत्रांच्या आधारे त्याच्या नावाची शिळा फ्रान्समधील वेर्मेल येथील दफनभूमीत उभी राहिली. नेमकी जागा अजूनही ठाऊक नाही. म्हणून ‘याच जागेच्या आसपास पुरलेला’ अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरले आहेत. बहिणीला ती शिळा पाहता आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ही हकिकत एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की सेनोटाफसमोर उभे राहणारे हे घराणे तेथे केवळ मानाचे म्हणून येत नाही. पंचम जॉर्ज यांचा आतेभाऊ, बॅटनबर्गचा राजपुत्र मॉरिस, १९१४ साली बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत मारला गेला आणि तेथेच इतर सैनिकांमध्ये त्याचे दफन झाले. पंचम जॉर्ज यांचे नातू, केंटचे ड्यूक एडवर्ड यांनी वर्षानुवर्षे सेनोटाफवर पुष्पचक्र वाहिले. त्यांचे वडील १९४२ साली हवाई दलाच्या विमान अपघातात गेले, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. राणी दुसरी एलिझाबेथ सत्तर वर्षांच्या कारकिर्दीत या समारंभाला गैरहजर राहिल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. दोनदा गरोदरपणामुळे, काही वेळा परदेश दौऱ्यामुळे आणि २०२१ साली पाठ दुखावल्यामुळे. २०१७ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्या परराष्ट्र कार्यालयाच्या सज्जात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वतीने पुत्र चार्ल्स यांनी चक्र वाहिले. २०२४ साली कर्करोगावर उपचार चालू असतानाही राजे चार्ल्स आले. त्याच सज्जात उभ्या असलेल्या स्त्रियांच्या टोप्यांची आणि कोटांची चर्चा वृत्तपत्रे दुसऱ्या दिवशी करतात, ती मला मुळीच रुचत नाही; त्यांच्या कोटावर पॉपी का आहे, ते आधी लिहावे.

आणि येथे माझ्या मनातील एक गोष्ट बोलून टाकतो. आपल्याकडे हुतात्म्यांच्या स्मरणाचे कार्यक्रम होतात, तेव्हा व्यासपीठावर हारतुरे, शाली, श्रीफळे आणि एकामागून एक भाषणे होतात आणि ज्या माऊलीचा मुलगा गेला, ती समोर तासन्‌तास बसून असते. पहिले फूल तिच्या हातून वाहिले जावे आणि मान्यवरांनी तिच्यामागे, न बोलता उभे राहावे, असे मला फार वाटते.

या मौनात आपलाही वाटा आहे, श्रोतेहो. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक परदेशी गेले आणि त्यांपैकी सुमारे ७४,००० परतले नाहीत. लूसच्या त्याच लढाईच्या काळात हिंदी पलटणी त्याच भागात लढत होत्या. मेसोपोटेमियातील कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमार सोसून अडकून पडल्या होत्या. इंग्लंडमधील ब्रायटनला ज्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, त्यांच्या जागी उभारलेल्या छत्रीचे अनावरण १९२१ साली तत्कालीन युवराजांनी केले. मात्र भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटे येथील सैनिकांचे स्मारक खुद्द लंडनमध्ये, राजवाड्याच्या जवळ उभे राहायला २००२ साल उजाडावे लागले. ६ नोव्हेंबरला राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्घाटन केले. हा विलंब फार मोठा होता आणि तो विसरला जाऊ नये.

आपले मुलगे, मुली, नातवंडे लंडनला असतील आणि आपण त्यांच्याकडे जाणार असाल, तर बकिंगहॅम राजवाड्यावरून हाइड पार्क कॉर्नरकडे जाणाऱ्या कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्याच्या टोकाशी ही मेमोरियल गेट्स आहेत. शेजारच्या छोट्या छत्रीखाली उभे राहून वर पाहावे. व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही शौर्यपदके मिळवलेल्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. इटलीत लढलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे त्यांत शोधावीत आणि मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत.

नमस्कार.